एक धरण, दोन चित्रपट: अस्वानच्या सरकारी चित्रपटाचे प्रकरण

प्रकरण काय आहे

सरकारने पैसे दिले, दिग्दर्शकाने चित्रपट केला आणि सरकारला तो आवडला नाही. एवढ्या एका ओळीत मावणारी प्रकरणे जगभर सापडतील. हे त्यांतलेच, पण इथे सरकारे दोन होती आणि नकार दोन्हींनी दिला. त्यावर दिग्दर्शकाने जे केले त्याला बंड म्हणता येत नाही, आणि शरणागतीही म्हणता येत नाही.

दिग्दर्शक इजिप्तचे युसुफ शाहीन. विषय इजिप्तमध्ये नाईल नदीवर बांधलेले अस्वानचे उंच धरण. निर्मिती इजिप्त आणि सोव्हिएत युनियन यांची संयुक्त. काळ साधारण १९६७ ते १९७२. ज्यांची नावे इतिहासात जाहीर आहेत तेवढीच इथे घेतली आहेत. फायलीवर नकाराचा शेरा मारणारे अधिकारी बिननावाचेच ठेवले आहेत. त्यांच्या खुर्चीत दुसरे कोणी असते तरी शेरा फारसा बदलला नसता.

सरकारी खात्याच्या किंवा कंपनीच्या सीएसआर निधीवर माहितीपट करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावे. विषय, पैसा आणि हक्क या तीन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असल्या की काय होते, ते इथे स्वच्छ दिसते.

पार्श्वभूमी

अस्वानचे धरण पाणी आणि विजेपुरते कधीच नव्हते. जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने त्यासाठीच्या मदतीतून अंग काढून घेतले. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि कालव्याच्या उत्पन्नातून धरण बांधू असे सांगितले. त्यावरून युद्ध झाले. पुढे कर्ज आणि इंजिनिअर सोव्हिएत युनियनकडून आले, जानेवारी १९६० मध्ये काम सुरू झाले आणि मे १९६४ मध्ये नासर व सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या उपस्थितीत नाईलचा प्रवाह वळवण्यात आला. अब्देल हलीम हाफेज यांच्यासारख्या लाडक्या गायकाने धरणाची गाणी गायली. साम्राज्यवाद्यांनी अडवले, तरी आम्ही उभारले: धरणाची सरकारमान्य गोष्ट ही अशी होती, आणि ती खोटीही नव्हती.

ती अपुरी मात्र होती. धरणामागे जो जलाशय पसरणार होता त्याच्या पोटात नुबियन लोकांची, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमध्ये नाईलकाठी राहणाऱ्या, स्वतःची वेगळी भाषा असलेल्या लोकांची गावे होती. १९०२ मध्ये बांधलेल्या जुन्या अस्वान धरणाची उंची १९१२ आणि १९३३ मध्ये वाढवली गेली, तेव्हाही त्यांना वर वर सरकावे लागले होते. या वेळी सरकायलाही जागा उरली नाही. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधले सुमारे ५० हजार नुबियन उचलून अस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बो भागात आणले गेले, आणि जवळपास तितकेच लोक सुदानच्या बाजूलाही उठले. भिंतींवर रंगीत चित्रे काढलेली, दारावर चिनी मातीच्या बश्या बसवलेली, नदीकडे तोंड करून उभी असलेली घरे सोडून ही माणसे नदीपासून लांब, एकसारख्या रांगांतल्या घरांत आली. अबू सिंबेलचे प्राचीन मंदिर दगड कापून उंचावर हलवले गेले, त्यासाठी युनेस्कोमार्फत जगभरातून निधी जमला. गावांसाठी तसे काही झाले नाही. कोयनेची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ‘धरणग्रस्त’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता शाहीन. जन्म १९२६, अलेक्झांड्रिया. घर ख्रिश्चन, वडील मूळचे लेबनॉनकडचे, शिक्षण इंग्रजी वळणाच्या व्हिक्टोरिया कॉलेजात आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाऊसमध्ये. ओमर शरीफ यांना पहिली संधी १९५४ मध्ये यांनीच दिली. अशा माणसाने ‘अरब राष्ट्र’ ही कल्पना मनापासून उचलली याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. धर्मापेक्षा भाषा आणि भूमी यांवर उभे राहिलेले राष्ट्रच त्याला आपल्यात सामावून घेऊ शकत होते. १९५८ मध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जमिला बुहिरेद यांच्यावर त्यांनी चित्रपट केला, तेव्हा ते युद्ध अजून चालूच होते. धर्मयुद्धांच्या काळातल्या सुलतानावरच्या १९६३ च्या ‘सलादीन’मध्ये नायकाच्या चेहऱ्याआड प्रेक्षकांना नासर दिसले, आणि ते दिसावेत हीच अपेक्षा होती. इतिहासातला इसा अल-अव्वाम हा मुसलमान होता. या चित्रपटात तो ख्रिश्चन अरब होऊन सलादीनच्या बाजूने लढतो. तो बदल म्हणजे शाहीन यांचा त्या वेळचा राजकीय जाहीरनामाच होता.

पण कल्पना पटणे वेगळे आणि कल्पनेचे खाते पटणे वेगळे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तने चित्रपट उद्योगाचा मोठा भाग सरकारी महामंडळाखाली आणला. पटकथा मंजूर करणारे तेच, पैसे देणारे तेच, चित्रपट लावणारे बहुतेक ठिकाणी तेच. शाहीन यांचे तिथे खटके उडाले आणि दशकाच्या मध्याला ते लेबनॉनला निघून गेले. तिथे १९६५ मध्ये लेबनॉनच्या विख्यात गायिका फैरूझ यांना घेऊन त्यांनी एक संगीतपट केला. मग परतले, आणि हे धरणाचे काम हातात आले. ते येण्याच्या सुमारास देशावर जून १९६७ चा इस्रायलकडून झालेला पराभव कोसळला होता. सहा दिवसांत सिनाई द्वीपकल्प गेले. त्यानंतर सरकारला विजयाच्या गोष्टीची गरज किती वाढली असेल, याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही.

पेच

पहिला चित्रपट, ‘नाईल आणि जीवन’, १९६८ मध्ये तयार झाला. ७० मिमीच्या रुंद फिल्मवरचा, भव्य, दोन देशांचे नट असलेला. गोष्ट १९६४ मधली, नदी वळवण्याच्या दिवसांतली. इथवर सगळे ठरल्यासारखे. पण शाहीन यांनी मध्यभागी बसवले ते बराक या नुबियन तरुणाला, ज्याची भूमी पाण्याखाली जाणार आहे, आणि निकोलाय या सोव्हिएत तरुणाला, जो आपला देश सोडून दुसऱ्याच्या वाळवंटात कामाला आला आहे. दोघांची मैत्री हा चित्रपटाचा कणा. आजूबाजूला घरची आठवण काढणारी, कंटाळणारी, नात्यांत अडखळणारी माणसे. धरण आहेच, पण ते पाठीमागे, डोंगरासारखे.

दोन्ही सरकारांनी नाक मुरडले.

त्यांच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. मॉस्कोला हवी होती श्रमाची आणि बंधुभावाची शौर्यगाथा. घरच्या आठवणीने व्याकूळ होणारी सोव्हिएत माणसे त्यात बसत नव्हती. कैरोला हवा होता राष्ट्राचा विजय. त्यात ज्याची स्वतःची भाषा अरबी नाही, ज्याला देशासाठी गाव सोडावे लागले, असा माणूस नायक कसा चालेल? चित्रपटात धरणाला विरोध नाही. बराक घोषणा देत नाही, कुणाला दोष देत नाही. तो नुसता तिथे आहे, आणि त्याच्याकडे पाहिले की या विजयाची किंमत कोणी मोजली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. सेन्सॉरला संवाद कापता येतो, माणसाचे नुसते असणे कसे कापणार? म्हणून शेरा दुरुस्तीचा आला नाही. पुन्हा करा, असा आला.

माझ्या मते खरा झगडा विचारसरणींचा नव्हताच. शाहीन स्वतः डावीकडे झुकलेले, धरणाचे समर्थक, नासर यांच्यावर माया असलेले. झगडा होता तो राष्ट्र कोणाच्या नजरेतून मोजायचे याचा.

समोरचे पर्याय

चित्रपट मागे घेऊन स्वतःचे नाव काढून टाकणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण तेव्हाच्या इजिप्तमध्ये सरकारी महामंडळाशी असे वागणाऱ्याला दुसरा निर्माता मिळणे अवघड होते. शिवाय त्याने चित्रपट वाचला नसता, फक्त दिग्दर्शकाची कॉलर पांढरी राहिली असती.

पुन्हा लेबनॉन? तो रस्ता एकदा तुडवून झाला होता. तिथे काम मिळे, पण ज्या प्रेक्षकासाठी बोलायचे तो कैरोत होता.

गाजावाजा करायचा, परदेशी महोत्सवात प्रिंट न्यायची, वर्तमानपत्रांत लिहायचे? यात सर्वांत मोठा धोका होता तो काळाचा. १९६७ नंतरच्या वातावरणात परदेशात जाऊन स्वतःच्या सरकारची तक्रार करणारा ख्रिश्चन दिग्दर्शक कसा रंगवला गेला असता हे सांगायला नको. चित्रपटावरची चर्चा दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाच्या निष्ठेवर आली असती.

कापाकापी करून हाच चित्रपट मंजूर करून घेणे, हा अशा वेळी बहुतेक जण निवडतात तो मार्ग. मला तोच सर्वांत वाईट वाटतो. कापलेला चित्रपट कुणाचाच राहत नाही, आणि एकदा मूळ निगेटिव्हला कात्री लागली की मूळ काय होते याचा पुरावाही जातो.

उरला पाचवा: सांगतात तसा दुसरा चित्रपट करून द्यायचा आणि पहिला गुपचूप जपायचा.

काय केले

शाहीन यांनी पाचवा पर्याय घेतला. ‘माणसे आणि नाईल’ हा दुसरा चित्रपट उभा राहिला, सुआद होस्नीसारखी आघाडीची तारका घेऊन. रचना अधिक सरळ, सूर अधिक उत्सवी, धरण पाठीमागून पुढे आलेले. आणि पहिल्या चित्रपटाची प्रिंट त्यांनी पॅरिसला, सिनेमातेक फ्रान्सेझ या चित्रपट संग्रहालयाच्या आँरी लांग्लवा यांच्या हवाली केली.

माणूस अचूक निवडला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये फ्रेंच सरकारने याच लांग्लवा यांना पदावरून हटवले होते. दिग्दर्शक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, जगभरातून तारा आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला त्यांना परत घ्यावे लागले. सरकारला नको असलेली रिळे सांभाळणे हे त्यांच्यासाठी तत्त्व तर होतेच, सवयही होती. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्येही त्यांनी हेच केले होते.

मधल्या काळातला आणखी एक निर्णय मला कळीचा वाटतो. शाहीन यांनी सरकारी महामंडळाशी संबंध तोडले नाहीत. १९६९ मध्ये त्यांनी ‘जमीन’ केला, शेतकऱ्यांच्या पाण्याचा आणि जमिनीचा चित्रपट. कथानक १९३० च्या दशकातले, राजेशाहीतले. शेवटी म्हाताऱ्या शेतकऱ्याला दोरीने बांधून घोड्यामागे फरफटत नेतात आणि त्याची बोटे मातीत रुतून ओरखडे काढत जातात. पाणी, सरकार, जमिनीवरून उठवला जाणारा माणूस: धरणाच्या चित्रपटात जे नामंजूर झाले होते त्याच जातीचे हे सगळे. फक्त अत्याचार करणारे सरकार जुने होते, म्हणून सेन्सॉरला अडचण नव्हती. एका दारावर नकार आला तर तेच सामान दुसऱ्या दाराने आत नेण्याची ही हातोटी होती.

निकाल

दुसरा चित्रपट १९७२ मध्ये कैरोत लागला, आणि नशिबाची गंमत पाहा. नासर सप्टेंबर १९७० मध्ये गेले होते. धरणाचे उद्घाटन जानेवारी १९७१ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सादात यांच्या हस्ते झाले होते. १९७१ च्या सुमारास सरकार चित्रपट निर्मितीतूनच बाहेर पडत होते. आणि जुलै १९७२ मध्ये सादात यांनी सोव्हिएत लष्करी सल्लागारांना देशाबाहेर काढले. ज्या मैत्रीसाठी पहिला चित्रपट नाकारून दुसरा करवला, ती मैत्री दुसरा चित्रपट लागला त्याच वर्षी विस्कटली. सरकारी फर्माईश पूर्ण होईपर्यंत फर्माईश करणारेच बदललेले असतात, हा अनुभव मंत्रालयात खेटे घातलेल्या कुणालाही नवा वाटू नये. चित्रपटाचे नाव शाहीन यांच्या चांगल्या कामांत सहसा घेतले जात नाही.

पण शाहीन यांनी यातून जे उचलले ते पुढच्या कामात दिसते. १९७२ मध्येच त्यांनी स्वतःची कंपनी काढली, मिस्र इंटरनॅशनल फिल्म्स. ‘चिमणी’ हा चित्रपट त्यांनी अल्जीरियाच्या सरकारी चित्रपट संस्थेच्या भागीदारीत केला. विषय थेट १९६७ चा पराभव आणि त्याआधीचा सरकारी क्षेत्रातला भ्रष्टाचार. शेवटच्या प्रसंगात नासर ९ जून १९६७ रोजी टीव्हीवरून राजीनाम्याचे भाषण करत आहेत. घरात माणसे थिजून बसली आहेत. आणि बहिया नावाची सर्वसामान्य बाई उठून रस्त्यावर धावत सुटते: नाही, आम्ही लढू! पाहता पाहता मागे गर्दी होते. बहिया हे इजिप्तचेच एक लाडाचे नाव. राष्ट्र म्हणजे इथे नेता नाही, धरणही नाही. राजीनामा नाकारणारी आणि त्याच वेळी जाबही विचारणारी ही बाई म्हणजे राष्ट्र.

इजिप्तच्या सरकारने तो अडवला. तरी या वेळी फरक होता: पुन्हा करा, असे सांगण्याचा अधिकार कैरोकडे नव्हता. अडवता येत होते, बदलता येत नव्हते. ऑक्टोबर १९७३ चे इस्रायलशी युद्ध झाले, राष्ट्राचा आत्मविश्वास परतला आणि १९७४ मध्ये चित्रपट लागला, जसाच्या तसा.

नुबियन तरुणाचा पहिला चित्रपट मात्र पॅरिसमध्येच होता. सिनेमातेकने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी तो लोकांसमोर आला, तयार झाल्यानंतर तब्बल तीन दशकांनी. तेव्हा शाहीन सत्तरी ओलांडलेले, १९९७ मध्ये कान महोत्सवात एकूण कारकिर्दीसाठी गौरवलेले दिग्दर्शक होते.

वेगळे काय करता आले असते

प्रिंट पॅरिसला पाठवण्याच्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ती तिथे वाचली हे खरे. पण वसाहतवादाला उत्तर म्हणून बांधलेल्या धरणाचा खरा चित्रपट शेवटी एका जुन्या वसाहतवादी राजधानीत सांभाळला जावा, हे शाहीन यांनाही टोचले असणार. पुढे ‘अलविदा बोनापार्ट’ (१९८५) पासून फ्रेंच पैसा त्यांच्या कामात आला. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीवरच्या या चित्रपटाबद्दल दोन्ही देशांत नाराजी उमटली, आणि शाहीन आता फ्रेंचांसाठी चित्रपट करतात हा टोमणा कैरोत कायमचा चिकटला. मला तो टोमणा अन्यायाचा वाटतो, पण बिनबुडाचा वाटत नाही.

अल्जीरियाच्या पैशाचेही तसेच. तो मोकळा होता कारण चित्रपट अल्जीरियाबद्दल नव्हता. शेजारच्या घरातला भ्रष्टाचार दाखवायला कोणते सरकार नाही म्हणेल? स्वतःच्या घराबद्दल तिथलीही यंत्रणा फार उदार नव्हती. स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे वीरगाथा, हा तिथला सरकारी साचा होता आणि १९७५ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या अल्जीरियन चित्रपटानेही युद्धापूर्वीच्या वर्षांची भव्य गाथाच सांगितली. लेखिका आसिया जेबार यांनी अल्जीरियन टीव्हीसाठी केलेल्या चित्रपटात खेड्यातल्या बायकांच्या तोंडून, विस्कळीत आठवणींतून तेच युद्ध मांडले, तेव्हा घरच्या चित्रपटवाल्यांना ते रुचले नाही. व्हेनिसला १९७९ मध्ये त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. बराकचे जे झाले त्याचीच ही दुसरी आवृत्ती, फक्त नकार देणारा देश वेगळा. म्हणून ‘चिमणी’ची व्यवस्था आदर्श म्हणून पुढे ठेवणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. ती एका दिग्दर्शकासाठी, एका काळापुरती जमलेली व्यवस्था होती.

करारातल्या ज्या एका जागी सगळे फिरले ती जागा साधी आहे. चित्रपट पसंत न पडल्यास निर्माता तो अडवू शकतो, हे मान्य. पण त्याच दिग्दर्शकाकडून त्याच विषयाचा दुसरा चित्रपट मागू शकतो का, आणि पहिल्याचे काय करायचे हे कोण ठरवणार? शाहीन यांनी याचे उत्तर लपवाछपवीने दिले, कारण दुसरे साधन नव्हते. आज अशा निधीवर काम करणाऱ्याकडे ते आहे: मूळ संकलनाची एक प्रत ठरलेल्या अभिलेखागारात, प्रदर्शनाच्या हक्काशिवाय, पण नष्ट न करण्याच्या अटीवर ठेवायची, हे एक कलम. प्रायोजक हे कलम सहसा मान्य करतात, कारण त्यात त्यांचे काहीच जात नाही. बहुतेक दिग्दर्शक ते मागतच नाहीत.

आणि एक गोष्ट, जी शाहीन यांच्या हातात निदान थोडीफार होती. पहिल्या चित्रपटाचा विषय असलेल्या माणसांपर्यंत तो नेण्याचा मार्ग त्या तीस वर्षांत शोधता आला असता का? कोम ओम्बोच्या वसाहतींत एक पिढी म्हातारी झाली. नुबियन लोकांना मूळ भागात परत वसवण्याचे वचन इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेच्या कलम २३६ मध्ये दहा वर्षांच्या मुदतीसह लिहिले गेले. त्याच वर्षीच्या एका अध्यादेशाने त्या भागातली काही जमीन लष्करी क्षेत्रात घातली, आणि मुदत उलटून गेली तरी वचन पाळले गेलेले नाही. या मागणीसाठी भांडणाऱ्यांकडे कागदपत्रे आहेत, गाणी आहेत, म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. नदी वळवली जात असतानाच्या दिवसांतल्या नुबियनाला नायक करणारा एक ७० मिमी चित्रपट त्यांच्या हाती १९७० च्या दशकातच पडला असता, तर तो त्यांनी नक्की वापरला असता.